रक्तात साखर भरपूर, मग मेंदू उपाशी का?

प्रश्न असा आला आहे: "आईचं वय 72. तीन वर्षांपासून विसरणं वाढत गेलं, आता अल्झायमरचं निदान झालं आहे. पेट स्कॅनच्या अहवालात 'दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल-पॅराएटल भागांत आणि पोस्टेरिअर सिंग्युलेटमध्ये ग्लुकोजचा वापर घटलेला' असं लिहिलंय. रक्तातली साखर मात्र व्यवस्थित आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली काही एन्झाइम्स कमी पडतात. मग ती वाढवायचं औषध का देत नाहीत? तोवर गोड जास्त द्यावं का? खोबरेल तेल आणि बी-1च्या गोळ्यांबद्दलही बरंच ऐकलंय. आणि सहा महिन्यांनी स्कॅन पुन्हा करून बघावा का?"

गोड वाढवू नका. उत्तर लांबणार आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. असाच अहवाल हातात घेऊन एक मुलगा वडिलांना माझ्याकडे घेऊन आला होता. 'मेंदूला साखर मिळत नाही' एवढंच त्याच्या कानावर पडलं होतं आणि तो दर दोन तासांनी वडिलांना ग्लुकोजचं पाणी पाजत होता. दीड महिन्यात विसरणं होतं तिथेच राहिलं, रक्तातली साखर तेवढी तीनशेच्या वर गेली. त्या मुलाला दोष देववत नाही. आम्ही डॉक्टर मंडळीच 'मेंदू उपाशी आहे' असं सहज बोलून जातो, आणि ऐकणारा वाढायला धावतो. तुमच्या आईंच्या बाबतीत कोठार भरलेलं आहे. अडचण चुलीची आहे.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के. तरी नुसतं बसल्या जागी शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्याचा सुमारे 20 टक्के वाटा तो एकटा खातो, आणि दिवसाकाठी 100 ते 120 ग्रॅम ग्लुकोज जाळतो. साठा म्हणावा तर नावापुरता. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते, ती यामुळेच. या खर्चाचा मोठा भाग चेतापेशींच्या आपसातल्या संदेशांवर होतो. प्रत्येक संदेशानंतर पेशीत शिरलेलं सोडियम बाहेर फेकून पोटॅशियम आत ओढावं लागतं, आणि तो पंप ऊर्जेशिवाय हलत नाही.

आता अहवालातल्या जागा. टेम्पोरल-पॅराएटल म्हणजे कानाजवळचा आणि त्याच्या वरचा-मागचा भाग. पोस्टेरिअर सिंग्युलेट हा मेंदूच्या आतल्या बाजूचा, मागच्या अंगाचा भाग. आपण काहीही करत नसतो, मन आपलं आपण भटकत असतं, तेव्हा जे जाळं सर्वांत जास्त पेटलेलं असतं त्याचं हे केंद्र. अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांतही इथला ग्लुकोजचा वापर घटलेला दिसतो, हे 1997 मध्ये सातोशी मिनोशिमा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. स्मृतीचं केंद्र म्हणून आपण हिप्पोकॅम्पसचं नाव ऐकत आलो, पण स्कॅनवर आधी डोळ्यांत भरतो तो हा भाग. हालचाल, स्पर्श आणि दृष्टी सांभाळणारे मूळ भाग तसंच छोटा मेंदू बराच काळ शाबूत राहतात. म्हणून आईंना नाव आठवत नसलं तरी त्या नीट चालतात.

निदानासाठी हा नमुना फार उपयोगी आहे. फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या स्मृतिभ्रंशात कपाळामागचा भाग आधी मंदावतो, ल्युई बॉडीच्या प्रकारात डोक्याच्या मागचा, दृष्टीचा. तुमच्या आईंचा नमुना अल्झायमरशी जुळतो, आणि अहवालाचं मुख्य काम तिथे संपतं.

पण त्याच अहवालावरून 'एन्झाइम्स कमी आहेत' असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा मी थोडा थबकतो. स्कॅनच्या आधी आईंना काही तास उपाशी ठेवलं असेल, मग शिरेतून एफडीजी देऊन शांत, मंद उजेडाच्या खोलीत बसवलं असेल. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन चिकटवलेलं ग्लुकोज. रक्तातून मेंदूत शिरायला त्याला ग्लुकोजचीच दारं लागतात: रक्तवाहिनीच्या भिंतीत ग्लुट-1, चेतापेशीच्या पडद्यावर ग्लुट-3. आत गेल्यावर हेक्सोकायनेज नावाचं पहिलं एन्झाइम त्यावर फॉस्फेट चढवतं. खरं ग्लुकोज इथून पुढच्या पायऱ्या उतरू लागतं. एफडीजी पहिल्याच पायरीवर अडकून बसतं. स्कॅन त्या अडकलेल्या मालाचं चित्र काढतो. म्हणजे दार आणि पहिली पायरी एवढंच त्याला दिसतं. ज्या एन्झाइम्सबद्दल तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ती सगळी पुढच्या दालनात, तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीत ऊर्जा बनवणारी जागा) असतात, आणि तिथवर या कॅमेऱ्याची नजर पोचत नाही. शिवाय हे चित्र एकट्या चेतापेशींचं नसतं. ॲस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशीही भरपूर ग्लुकोज उचलतात, आणि 2017 मध्ये उंदरांवर झालेल्या कामातून स्कॅनच्या उजेडात त्यांचा वाटा बराच असल्याचं दिसलं.

मग एन्झाइम्सबद्दल कळलं कुठून? मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतून. हे काम 1980च्या दशकापासून चालू आहे. गॅरी गिब्सन आणि जॉन ब्लास ही त्यातली दोन ठळक नावं.

ग्लुकोजचे आधी दोन तुकडे होतात, त्यांना पायरुव्हेट म्हणतात. इथपर्यंत ऑक्सिजन लागत नाही आणि हाती पडतात फक्त दोन एटीपी, म्हणजे ऊर्जेची दोन नाणी. खरी कमाई पुढे आहे: तेच पायरुव्हेट तंतुकणिकेत नीट जळलं तर एका ग्लुकोजमागे एकूण तीसच्या आसपास एटीपी मिळतात. तंतुकणिकेच्या उंबऱ्यावर पायरुव्हेट डीहायड्रोजनेज हे एन्झाइमांचं संकुल बसलेलं आहे. ते पायरुव्हेटचं ॲसिटिल-कोए करतं आणि क्रेब्ज चक्रात, म्हणजे ऊर्जा काढून घेणाऱ्या रासायनिक पायऱ्यांच्या फेऱ्यात, सोडतं. चक्रात आठ एन्झाइम्स आहेत, एकामागून एक.

2005 मध्ये गिब्सन यांच्या गटाने अल्झायमर झालेल्या मेंदूंत उंबऱ्यावरचं संकुल आणि चक्रातली सगळी एन्झाइम्स एकत्र मोजली. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका अभ्यास आहे. पायरुव्हेट डीहायड्रोजनेजचं काम 41 टक्क्यांनी घटलेलं होतं, आयसोसायट्रेट डीहायड्रोजनेजचं 27 टक्क्यांनी, आणि अल्फा-कीटोग्लुटारेट डीहायड्रोजनेजचं तर 57 टक्क्यांनी. चक्राच्या पुढच्या अर्ध्यात मात्र उलटं घडलं होतं: सक्सिनेट डीहायड्रोजनेज 44 टक्क्यांनी आणि मॅलेट डीहायड्रोजनेज 54 टक्क्यांनी वाढलेलं. उरलेली चार होती तशीच. हयात असताना ज्यांचा आजार जास्त बळावलेला होता, त्यांच्यात हे बदलही जास्त होते.

हे आकडे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा कुणीतरी हटकून विचारतं: पेशीच मेल्या तर एन्झाइम कमी मिळणारच, त्यात नवल काय? शंका रास्त आहे. पण नुसत्या पेशी गळाल्या असत्या तर नऊच्या नऊ आकडे एकत्र खाली आले असते. त्याच तंतुकणिकांत चार एन्झाइम्स जागच्या जागी आहेत आणि दोन वाढली आहेत, म्हणजे बिघाड निवडक आहे. दुसरी शंका जास्त अवघड. मृत्यूआधीचे काही तास ताप, धाप, ऑक्सिजनची कमतरता यांत गेले असतील तर पायरुव्हेट डीहायड्रोजनेज त्यानेही खचतं. त्यामुळे एका आकड्यावर कुणी फार मोठा इमला बांधू लागलं की मी सावध होतो.

निवड नेमकी याच एन्झाइम्सची का? अल्फा-कीटोग्लुटारेट डीहायड्रोजनेज हे नाजूक प्रकरण आहे. मुक्त रेणूंच्या (फ्री रॅडिकल्सच्या) माऱ्याने ते लवकर निकामी होतं, आणि काम करताना तेच मुक्त रेणू तयारही करतं. पायरुव्हेटचं संकुल आणि हे, दोघांनाही थायमिन म्हणजे बी-1चं सक्रिय रूप लागतं. बी-1च्या गोळ्यांची चर्चा इथूनच सुरू होते. पायरुव्हेटचं संकुल अडलं की आणखी एक फटका बसतो. ते जे ॲसिटिल-कोए बनवतं, त्यातूनच स्मृतीसाठी महत्त्वाचं ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन तयार होतं. ते जुळवणारं कोलिन ॲसिटिलट्रान्सफरेज हे एन्झाइम अल्झायमरच्या मेंदूत फार घटलेलं असतं, हे 1976 पासून ठाऊक आहे. म्हणजे कच्चा मालही कमी आणि कारागीरही कमी.

तंतुकणिकेच्या शेवटच्या टप्प्यावर, जिथे ऑक्सिजन प्रत्यक्ष खर्ची पडतो, तिथलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एन्झाइमही मंदावलेलं आढळतं. 1990 मध्ये ते रुग्णांच्या रक्तातल्या प्लेटलेट्समध्येही कमी सापडलं तेव्हा मोठी खळबळ उडाली. कारण प्लेटलेटला ना आठवणी असतात ना त्यात अमायलॉइडच्या, म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या, गाठी. रसेल स्वेर्डलो यांनी 2004 मध्ये मांडलेला तर्क याच वाटेने जातो: तंतुकणिका आधी थकतात, अमायलॉइड आणि टाऊ (चेतापेशींच्या आत गुंतणारं दुसरं प्रथिन) मागून येतात.

हे खरं असेल तर एन्झाइम्सची घट हे मूळ कारण, आणि तुमचा 'ती वाढवत का नाहीत' हा प्रश्न अगदी योग्य. पण दुसरी बाजूही ऐका. मार्गारेट वाँग-रायली यांनी प्राण्यांच्या एका डोळ्यातून मेंदूकडे जाणारे संदेश औषधाने बंद केले, तर काही दिवसांत मेंदूच्या त्या डोळ्याशी जोडलेल्या पट्ट्यांतलं सायटोक्रोम ऑक्सिडेज घटलं. तिथे आजार कुठलाच नव्हता. काम थांबलं, म्हणून पेशीने यंत्र आवरून ठेवलं. अल्झायमरमध्ये चेतासंधी, म्हणजे चेतापेशींना एकमेकींशी जोडणारे सांधे, गळत जातात, संदेश कमी होतात, तेव्हा एन्झाइम्स कमी होणं हा परिणामही असू शकतो. गिऱ्हाईकच नसेल तर दुकानदार माल भरत नाही, तसं.

काळाचा क्रम पाहिला तर? वारशाने लवकर येणाऱ्या अल्झायमरच्या कुटुंबांत 2012 मध्ये जे मोजमाप प्रसिद्ध झालं, त्यात लक्षणांच्या अपेक्षित वयाच्या साधारण 15 वर्षं आधी अमायलॉइड साचलेलं होतं आणि ग्लुकोजचा वापर 10 वर्षं आधी घटू लागला होता. इथे अमायलॉइड पुढे आहे. उलट, एरिक रायमन यांच्या गटाने एपीओई-4 हे जोखमीचं जनुक बाळगणाऱ्या निरोगी माणसांचे स्कॅन केले. 1996 मध्ये मध्यमवयीनांत आणि 2004 मध्ये 20 ते 39 वयाच्या तरुणांतही त्याच भागांत ग्लुकोजचा वापर किंचित कमी आढळला. या वयात अमायलॉइड असण्याची शक्यता फार थोडी. दोन्ही अभ्यास चांगले, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

इतकी वर्षं रुग्ण पाहून माझा कल असा झाला आहे की ही रांग नाही, हा फेरा आहे. त्यातला एक दुवा मला विशेष पटतो. पेशीत ग्लुकोजचा एक छोटा वाटा प्रथिनांवर साखरेची खूण चिकटवायला जातो. टाऊ या प्रथिनावर ती खूण असली की तिथे फॉस्फेटला जागा मिळत नाही. ग्लुकोजचा वापर मंदावला की खुणा घटतात, टाऊवर फॉस्फेट चढतं, तो गुंतू लागतो. गुंतलेला टाऊ चेतासंधी बिघडवतो, आणि पुन्हा ग्लुकोजचा वापर घटतो. जिवंत रुग्णांच्या स्कॅनमध्ये ग्लुकोज जिथे कमी जळतं त्या जागा अमायलॉइडपेक्षा टाऊच्या जागांशी जास्त जुळतात, ते याच्याशी सुसंगत आहे.

फेरा म्हटला की तो कुठेही तोडता यायला हवा. तिथे आतापर्यंत निराशाच जास्त पदरी पडली आहे. तंतुकणिकांवर काम करतं असं म्हटलं जाणारं लॅट्रेपिर्डिन 2008 मध्ये इतकं चमकलं की मीही काही कुटुंबांना 'थोडं थांबा, चांगलं औषध येतंय' असं सांगून बसलो होतो. 2010 मध्ये मोठ्या चाचणीत ते सपशेल पडलं. तेव्हापासून असं वाक्य मी तोंडातून काढत नाही. मेंदूला इन्शुलिनची साद नीट ऐकू येत नाही या कल्पनेवरून 2005 च्या सुमारास 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' हा शब्द रूढ झाला. पण नाकावाटे इन्शुलिन देण्याच्या चाचणीचे निकाल 2020 मध्ये आले, त्यांत फायदा दिसला नाही. मधुमेहावरचं सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपात हजारो सुरुवातीच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं, आणि 2025 च्या अखेरीस जाहीर झालं की आजाराची गती त्याने मंदावली नाही.

आता थेट तुमच्या प्रश्नाचं उत्तर. औषध एन्झाइमला अडवतं ते सोपं असतं. कुलपात काडी अडकवण्यासारखं. खचलेल्या एन्झाइमला पुन्हा कामाला लावणं ही फार वेगळी कारागिरी आहे. आईंना डोनेपेझिल चालू असेल तर तेही अडवण्याचंच काम करतं: ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या एन्झाइमला थोपवतं, म्हणजे जे थोडं तयार होतंय ते जास्त वेळ टिकतं. ऊर्जेच्या बाजूनेही अशीच एक वाट दिसते आहे. ॲस्ट्रोसाइटमध्ये आयडीओ-1 नावाचं एन्झाइम वाढलं की त्या पेशींचं ग्लुकोज जाळणं मंदावतं आणि चेतापेशींना त्यांच्याकडून मिळणारं लॅक्टेट हे इंधन कमी पडतं. 2024 मध्ये स्टॅनफर्डच्या कॅट्रिन अँड्रियासन यांच्या गटाने ते एन्झाइम अडवून उंदरांत ग्लुकोजचा वापर आणि स्मृती दोन्ही सुधारल्याचं दाखवलं. उंदरांत. हा शब्द मी मुद्दाम पुन्हा लिहिला; अल्झायमर बरे झालेले उंदीर आम्ही ढीगभर पाहिलेत.

खोबरेल तेलामागची कल्पना वेडगळ नाही. चरबीपासून यकृतात कीटोन बनतात, आणि अल्झायमरच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर घटला तरी कीटोनचा वापर जवळजवळ पूर्वीसारखाच राहतो, हे स्टीफन कुनेन यांच्या स्कॅनमधून दिसलं आहे. कीटोनची दारं वेगळी, आणि पायरुव्हेटचा उंबराही त्यांना ओलांडावा लागत नाही. पण पुढे ते शिरतात त्याच क्रेब्ज चक्रात, जिथे सर्वांत खचलेलं अल्फा-कीटोग्लुटारेटचं संकुल वाट अडवून बसलंय. वळणरस्ता आहे, पण पुढचा पूल तोच. शिवाय खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, त्याचे कीटोन फारसे होत नाहीत. ज्या छोट्या साखळ्यांचे होतात त्या त्यात सातव्या-आठव्या हिश्श्याएवढ्याच. शुद्ध मध्यम-साखळीचं तेल देऊन केलेल्या अभ्यासांत, तेही अल्झायमरच्या आधीच्या सौम्य टप्प्यात, काही चाचण्यांचे गुण थोडे सुधारले. प्रत्यक्ष अल्झायमरमध्ये अशाच एका पदार्थाची मोठी चाचणी अपयशी ठरली. रोजच्या स्वयंपाकात असेल तर असू द्या, चमच्याने पाजू नका. जुलाब होतात, आणि आधीच वजन उतरत असलेल्या माणसाला ते परवडत नाही. कडक कीटोजेनिक आहार या वयात स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मधुमेहाची काही औषधं चालू असतील तर तो जिवावर बेतू शकतो.

बी-1बद्दल मी जरा मऊ आहे. बेनफोटायमिन हे त्याचं सहज शोषलं जाणारं रूप. सौम्य आजाराच्या 70 जणांत वर्षभर त्याची चाचणी झाली, निकाल 2020 मध्ये आले. मुख्य गुणांत फरक दिसला, पण योगायोगाची शक्यता फेटाळता येण्याइतका नाही. एका दुय्यम मोजपट्टीवर तो ठळक होता. मोठी चाचणी हाती घेतली गेली आहे. आईंचा आहार कमी झाला असेल, उलट्या होत असतील, पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा लघवी वाढवणारी औषधं दीर्घकाळ चालू असतील, तर बी-1 आणि बी-12 तपासून घ्या. कमतरता सापडली तर गोळी जरूर द्या. नुसतं एन्झाइम वाढावं म्हणून देणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: मुक्त रेणूंनी मोडलेलं एन्झाइम जास्त जीवनसत्त्व घालून दुरुस्त होत नाही.

घरून करता येण्यासारखं यापेक्षा साधं आहे आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावा. वाँग-रायलींचा प्रयोग आठवा, संदेश थांबले की यंत्रणा आवरली जाते. रोज चालणं होऊ द्या. रात्री घोरताना श्वास थांबत असेल तर त्याची तपासणी करा, कारण ऑक्सिजनविना चूल पेटत नाही. पुढेमागे साखर वाढली आणि औषधं सुरू झाली, तर ती फार कडक खाली आणण्याचा आग्रह धरू नका. म्हातारपणी साखर एकदम उतरण्याचे झटके मेंदूला वाढलेल्या साखरेपेक्षा लवकर इजा करतात, आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण 'मला घाम येतोय, हात थरथरतायत' हे वेळेवर सांगेलच असं नाही. हल्ली त्यांना गोड जास्त हवंसं वाटत असेल तर रागावू नका, घासभर द्या. तो आजाराचा भाग असू शकतो. मेंदू साखर मागतोय असा त्याचा अर्थ लावू नका.

सहा महिन्यांनी स्कॅन? माझ्या मते नको. ग्लुकोजचा वापर थोडा आणखी घटलेला दिसेल, तो दिसणारच, आणि त्यावरून एकही गोळी बदलणार नाही. आईंना पुन्हा उपाशी राहून, सुई टोचून घेऊन अनोळखी खोलीत पडून राहावं लागेल तेवढंच. लक्षणं अचानक वेगळ्या वळणाला गेली, म्हणजे नसलेली माणसं स्पष्ट दिसू लागली, चाल एकदम अडखळू लागली किंवा दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने घसरण झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. तिथेही पहिली तपासणी बहुधा पेट स्कॅनची नसेल. आधी लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम आणि नवीन सुरू झालेली औषधं बघितली जातील.